बाटलीतले प्रथिन आणि रक्तातले प्रथिन : खान्देशच्या उन्हाळ्यासाठी काही सूचना

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

शहादा-तळोदा परिसरात औषधनिर्माणशास्त्र शिकविताना दोन प्रश्न माझ्यापर्यंत सतत येतात. आश्रमशाळेतल्या सिकलसेल तपासणीत ज्यांच्या मुलाचा अहवाल ‘एसएस’, म्हणजे सिकलसेलग्रस्त, असा आला आहे असे पालक विचारतात की, रक्तात नेमके बिघडले काय. इन्सुलिन घेणारी मंडळी, विशेषतः एप्रिल-मे महिन्यांत, विचारतात की, डोस तोच आणि भाकरीही तेवढीच असताना साखर का चढते. साखर चढण्याची कारणे अनेक असतात आणि त्यांचा निवाडा डॉक्टरांनीच करायचा असतो. परंतु त्यांतल्या एका कारणाची चर्चा मेडिकलच्या काउंटरवर होत नाही आणि जिल्हा परिषदेच्या बैठकीतही होत नाही, आणि तेच कारण निराळ्या रूपात सिकलसेलच्या मुळाशी आहे. प्रथिनांचे रेणू एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके किंवा तंतू होणे, हे ते कारण. त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. ही साखळी स्वतःभोवती ठरावीक रीतीने दुमडते आणि त्या घडीवरच तिचे काम अवलंबून असते. घडी कशी पडावी हे साखळीतल्या क्रमातच ठरलेले असते, असे ख्रिश्चन अ‍ॅनफिन्सेन यांनी रायबोन्यूक्लिएज या १२४ अमिनो आम्लांच्या विकरावर (एन्झाइमवर) दाखविले आणि त्यासाठी १९७२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. मात्र ही घडी फारशी भक्कम नसते. पाण्याशी न जमणारे भाग तिच्या आत दडलेले असतात. उष्णता, आम्लता, जोरात हलविणे, गोठणे, हवेचा किंवा प्लास्टिकचा पृष्ठभाग यांपैकी कशानेही घडी थोडी उकलली की ते भाग उघडे पडतात आणि शेजारच्या रेणूच्या तशाच उघड्या भागाला धरून बसतात. पहिले काही रेणू जुळायला वेळ लागतो, पण एकदा ते बीज तयार झाले की पुढची वाढ झपाट्याने होते, म्हणून बाटलीत बरेच दिवस काहीच दिसत नाही आणि मग एकाएकी गढूळपणा येतो. फाटलेले दूध थंड केल्याने पुन्हा दूध होत नाही, तशी गत पुंजके झालेल्या बहुतेक औषधी प्रथिनांची आहे : बाटली फ्रीजमध्ये परत ठेवली की पुढचा बिघाड मंदावतो, झालेला भरून निघत नाही.

सिकलसेलमध्ये घडी उकलत नाही, हे आधीच सांगितले पाहिजे. तिथे हिमोग्लोबिन आपल्या घडीत शाबूत असते. बिघाड आहे तो त्याच्या बाहेरच्या अंगावर. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात आणि त्यांतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, एवढाच फरक. लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये हा एका रेणूचा आजार असल्याचे दाखविले आणि पुढे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी ती नेमकी अदलाबदल शोधून काढली. व्हॅलिनला पाण्याचे वावडे असते. हिमोग्लोबिनने प्राणवायू सोडला की हे व्हॅलिन शेजारच्या रेणूवरच्या एका खोबणीत जाऊन बसते, त्याला पुढचा रेणू जोडला जातो, आणि असे करत १४ पदरांचे तंतू तयार होऊन तांबडी पेशी आतून ताठ होते व विळ्याच्या आकाराची होते. फुप्फुसात प्राणवायू मिळाल्यावर हे तंतू विरघळतात, परंतु असे पुनःपुन्हा झाले की पेशीचे आवरणच निकामी होते. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस टिकते. सिकलसेलग्रस्ताची साधारण १० ते २० दिवस.

आश्रमशाळांत होणारी सोल्युबिलिटी चाचणी म्हणजे हीच घटना परीक्षानळीत मुद्दाम घडवून आणणे होय. रक्ताचा थेंब ज्या द्रावणात टाकतात त्यातले रसायन प्राणवायू काढून घेते, सिकल हिमोग्लोबिन विरघळेनासे होते, द्रावण गढूळ होते आणि नळीमागे धरलेल्या कागदावरच्या रेघा दिसत नाहीत. या चाचणीत वाहक आणि ग्रस्त असा भेद कळत नाही, त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखविणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही प्रयोगशाळेतली चाचणी करावी लागते. ही गोष्ट पालकांना तिथल्या तिथे सांगितली गेली तर अर्धी भीती कमी होईल, कारण ‘एएस’ म्हणजे वाहक मूल सामान्यतः निरोगी आयुष्य जगते.

तंतू होण्याचा वेग पेशीतल्या हिमोग्लोबिनच्या दाटपणावर विलक्षण अवलंबून असतो. पेशीतले पाणी थोडेसे घटले तरी तंतू तयार व्हायला लागणारा अवधी अनेक पटींनी कमी होतो. हा अवधी जर बारीक केशवाहिनीतून पेशी निसटायला लागणाऱ्या वेळेपेक्षा जास्त असेल, तर पेशी ताठ होण्याआधी मोकळ्या रक्तवाहिनीत पोहोचते. कमी असेल तर ती मध्येच अडकते आणि मग हाडे-सांध्यांतून तो असह्य ठणका सुरू होतो. ‘भरपूर पाणी प्या’ हा सल्ला ऐकायला गुळगुळीत वाटतो, पण अक्राणी-अक्कलकुव्याच्या पाड्यांतून गुजरातेत मजुरीला जाणाऱ्या, भर उन्हात काम करणाऱ्या सिकलसेलग्रस्त तरुणासाठी तो औषधाइतकाच नेमका आहे. कामाच्या जागी पिण्याचे पाणी आणि सावली असणे हा त्याच्या बाबतीत सोयीचा विषय उरत नाही. ताप, जंतुसंसर्ग आणि सातपुड्यातली पौष महिन्याची थंडी हीदेखील झटका आणणारी कारणे आहेत.

हायड्रॉक्सियुरिया या गोळीचे कामही याच हिशेबात समजते. ती घेतल्यावर गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन पुन्हा थोडे वाढते, ते तंतूत सामील होत नाही, आणि त्यामुळे तंतू होण्याला उशीर लागतो. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असे त्याचे उद्दिष्ट आहे. तपासणीचा आणि कार्डवाटपाचा आकडा दाखविणे सोपे असते. ज्याच्या हातात ‘एसएस’चे कार्ड आहे त्याला ही गोळी दरमहा जवळच्या आरोग्य केंद्रात मिळते का आणि ती चालू असताना करावी लागणारी रक्ततपासणी होते का, हा आकडा मात्र मागितल्याशिवाय कोणी देत नाही. तो मागितला पाहिजे.

पुंजक्यांमुळे होणारे इतर आजार वाचकांच्या अधिक ऐकिवात आहेत. अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये ज्या स्त्रीच्या मेंदूतले साके आणि गुंते वर्णन केले, ते बीटा-अमायलॉइड आणि टाऊ या प्रथिनांचे होते हे कळायला बराच काळ जावा लागला. पार्किन्सनमध्ये अल्फा-सिन्यूक्लिन साचते. भारतात साठीपुढच्या स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची संख्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार ८८ लाखांच्या घरात आहे, यावरून या विषयाचा आवाका लक्षात यावा. लेकानेमॅबसारखी जी नवी औषधे मेंदूतला अमायलॉइड काढून टाकतात, तीही प्रथिनेच आहेत आणि बाटलीत त्यांचे स्वतःचे पुंजके होऊ नयेत म्हणून त्यांत पॉलिसॉर्बेट हे साबणासारखे द्रव्य घालावे लागते.

मधुमेहाकडे येतो. टाइप टू मधुमेहाच्या बहुतेक रुग्णांच्या स्वादुपिंडात अमायलिन या ३७ अमिनो आम्लांच्या प्रथिनाचे साके आढळतात. उंदराच्या अमायलिनचे असे तंतू होत नाहीत, कारण त्याच्या साखळीत मोक्याच्या जागी प्रोलिन हे अमिनो आम्ल असते. औषध बनविणाऱ्यांनी उंदराकडून ती तीन प्रोलिने उसनी घेतली आणि त्यातून प्रॅमलिनटाइड हे इंजेक्शन तयार झाले, ज्याला अमेरिकेत २००५ मध्ये मान्यता मिळाली. आजाराचे शास्त्र आणि कारखान्याचे शास्त्र एकच आहे, याचा इतका स्वच्छ दाखला दुसरा मला माहीत नाही.

इन्सुलिनची गोष्ट मात्र थेट आपल्या घरातली आहे. ५१ अमिनो आम्लांचा हा रेणू बाटलीत एकटा राहत नाही. जस्ताभोवती सहा-सहा रेणूंचे षटक करून तो बसतो आणि त्या षटकात असेपर्यंत तो सुरक्षित असतो. त्वचेखाली टोचल्यावर षटके सुटतात व एकेक रेणू रक्तात जातो. तंतू होतात ते या सुट्या रेणूंचे. म्हणजे शरीरात जे हवे तेच बाटलीत नको, अशी अडचण आहे; जलद काम करणारी नवी इन्सुलिने तर पटकन सुटी व्हावीत म्हणूनच घडविलेली आहेत, त्यामुळे त्यांना बाटलीत बांधून ठेवण्यासाठी जस्त आणि मेटाक्रेसॉल हे परिरक्षक यांवर भिस्त ठेवावी लागते. १९८० च्या दशकात इन्सुलिन पंपांच्या नळ्या याच तंतूंनी तुंबत, कारण अंगाची ऊब, सततची हालचाल आणि प्लास्टिकचा पृष्ठभाग या तीनही गोष्टी तिथे एकत्र येत होत्या.

आता मे महिन्यातल्या भुसावळ-शहादा रस्त्याची कल्पना करावी. पारा ४५ अंशांच्या आसपास, बाटली मोटारसायकलच्या डिकीत किंवा बसच्या सामानाच्या कप्प्यात, आणि रस्ता असा की बाटली पूर्ण वाटभर हलत राहणार. उष्णता, हालचाल आणि बाटलीतली हवा अशी तीच त्रयी इथेही हजर असते. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे असे खोक्यावर छापलेले असते, आणि घाऊक विक्रेत्यापासून तालुक्याच्या मेडिकलपर्यंत ते आइस पॅकसह येतेही. तिथून पाड्यापर्यंतच्या प्रवासाची जबाबदारी मात्र कागदावर कोणाचीच नाही. माझ्या ओळखीच्या एका घरात बाटली बर्फाच्या कप्प्याला टेकवून ठेवलेली होती, आणि जास्त थंड म्हणजे जास्त सुरक्षित अशी त्या घराची प्रामाणिक समजूत होती. गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर वरकरणी ठीक दिसले तरी वापरू नये.

ज्यांच्याकडे फ्रीज नाही त्यांनी निराश होण्याचे कारण नाही, आणि हे मी धीर देण्यासाठी लिहीत नाही. केनियातील दादाब निर्वासित छावणीत दिवसभरात २५ ते ३७ अंशांमध्ये वरखाली होणारे तापमान नोंदवून, तेच चार आठवडे प्रयोगशाळेत निर्माण करून इन्सुलिन तपासले गेले. डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स आणि जिनिव्हा विद्यापीठ यांच्या २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात इन्सुलिन टिकून राहिल्याचे दिसले. उपलब्ध अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २०२३ च्या कॉक्रेन समीक्षेनेही काही प्रकारच्या मानवी इन्सुलिनच्या न उघडलेल्या बाटल्या २५ अंशांपर्यंत सहा महिने आणि ३७ अंशांपर्यंत दोन महिने ठेवता येतात, असा निष्कर्ष काढला. अडचण एवढीच की, आपल्याकडे पत्र्याच्या घरातला दुपारचा पारा ३७ वर थांबत नाही आणि त्यापुढचे अभय या अभ्यासांनी दिलेले नाही. तेवढी दरी माठ भरून काढू शकतो. दोन मडकी एकात एक ठेवून मधल्या जागेत ओली वाळू भरावी, वर ओले फडके टाकावे आणि बाटली आतल्या कोरड्या मडक्यात, डब्यात घालून ठेवावी. खान्देशचा मे महिना कोरडा असतो, त्यामुळे बाष्पीभवनाचा गारवा इथे चांगला मिळतो; कोकणातल्या दमट हवेत हाच उपाय इतका चालत नाही.

बाटली पाहण्याची सवयही हवी. पारदर्शक इन्सुलिन धूसर झाले किंवा त्यात कण दिसले तर ते टाकून द्यावे. आपल्याकडे सर्वाधिक चालणारे ३०/७० मिश्रण मुळातच दुधी असते, म्हणून तिथे धूसरपणावरून काही ठरत नाही. ते तळहातांमध्ये हलके फिरवून एकजीव करावे, खळखळून हलवू नये, आणि फिरवूनही गुठळ्या राहिल्या किंवा काचेवर पांढरा थर धरला तर वापरू नये. पुंजके डोळ्यांना दिसण्याआधीही ताकद घटू शकते, ही मर्यादा लक्षात ठेवावी. शिवाय एकाच जागी वर्षानुवर्षे टोचत राहिल्यास त्वचेखाली इन्सुलिनच्याच अमायलॉइडची गाठ होऊ शकते; त्या गाठीत टोचलेला डोस नीट शोषला जात नाही, साखर चढते, डोस वाढविला जातो, आणि पुढे कोणी जागा बदलायला सांगितले की तोच वाढीव डोस निरोगी त्वचेतून पूर्ण शोषला जाऊन साखर धोकादायकरीत्या उतरते. जागा बदलताना डॉक्टरांना विचारून डोस ठरवावा, हे यासाठी.

कारखान्यात या पुंजक्यांशी केवढी झुंज चालते हे कळले तर बाहेर आल्यावरच्या हेळसांडीचे अधिक वाईट वाटते. मानवी इन्सुलिन हे जनुक तंत्रज्ञानाने बनलेले पहिले मान्यताप्राप्त औषध, १९८२ सालचे. २००३ मध्ये वोक्हार्टने ते भारतात बनवून बाजारात आणले. ई. कोलाय या जिवाणूकडून एखादे परके प्रथिन भरमसाट बनवून घेतले की अनेकदा जिवाणू त्याची घडी घालू शकत नाही आणि ते पेशीतच गोळा होऊन बसते. हे गोळे बाहेर काढून, युरिया किंवा ग्वानिडिनमध्ये पूर्ण उलगडून, मग हळूहळू पुन्हा घडी पडू द्यावी लागते, आणि त्या टप्प्यावर घाई केली तर सगळे परत चिकटते. कर्करोगावरच्या प्रतिपिंड (अँटिबॉडी) औषधांची निर्मिती वेगळी, सस्तन प्राण्यांच्या पेशींतून होते, परंतु विषाणू निष्प्रभ करण्यासाठी त्यांना काही काळ आम्लात ठेवावे लागते आणि तिथेही पुंजके होण्याचा धोका असतो. पंप, गाळण्या, भरण यंत्र, सिरिंजमधले सिलिकॉन तेल, प्रत्येक ठिकाणी पहारा असतो. एक उदाहरण रुग्णालयांसाठी : ट्रास्टुझुमॅब हे कर्करोगावरचे प्रतिपिंड औषध सलाइनमध्येच मिसळावे, ग्लुकोजच्या बाटलीत मिसळल्यास त्याचे पुंजके होतात. नातेवाइकांनी बाहेरून औषध आणि बाटली दोन्ही विकत आणण्याची पद्धत असलेल्या आपल्या भागात ही चूक घडायला वेळ लागणार नाही.

पुंजक्यांनी औषध नुसते निकामी होते असे नाही. शरीराला ते परके वाटू शकतात आणि शरीर प्रतिपिंडे तयार करू लागते. डायलिसिसच्या रुग्णांना दिल्या जाणाऱ्या, तांबड्या पेशी बनण्याला चालना देणाऱ्या एरिथ्रोपोएटिनच्या बाबतीत हे घडले. ‘मॅड काउ’ आजाराच्या, म्हणजे प्रिऑन या पुंजके करणाऱ्या प्रथिनाच्या भीतीपोटी युरोपात १९९८ मध्ये एप्रेक्स या एरिथ्रोपोएटिनच्या औषधातले मानवी अल्ब्युमिन (रक्तातले एक प्रथिन) काढून पॉलिसॉर्बेट घातले गेले. पुढच्या काही वर्षांत त्याच्या काही रुग्णांमध्ये तयार झालेल्या प्रतिपिंडांनी औषधाबरोबर शरीरातले स्वतःचे एरिथ्रोपोएटिनही निष्प्रभ केले आणि तांबड्या पेशी बनणेच थांबले. सिरिंजच्या रबरी बुचातून उतरलेली द्रव्ये, साठवण आणि पुंजके यांपैकी कोणाचा वाटा किती यावर तज्ज्ञांत मतभेद राहिले; बुचावर लेप दिल्यानंतर आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांना ते शिरेतून देऊ लागल्यावर प्रकरणे घटली. एका आजाराची धास्ती घेऊन केलेल्या बदलातून दुसरा आजार उभा राहावा, हे विचार करायला लावणारे आहे.

या पार्श्वभूमीवर माझी मागणी फार मोठी नाही. पोलिओच्या लशीच्या कुपीवर १९९६ पासून एक खूण येऊ लागली : वर्तुळातला फिका चौकोन, जो उष्णता साचत जाते तसा गडद होतो. आपली आशाताई ती खूण वाचते आणि चौकोन वर्तुळाइतका गडद झाला की कुपी बाजूला ठेवते. इन्सुलिनच्या बाटलीवर अशी खूण का नसावी, याचे पटणारे उत्तर मला आजवर मिळालेले नाही. ती गोठणे दाखवीत नाही हे खरे, पण आपला मुख्य शत्रू उष्णता आहे. तोवर अन्न व औषध प्रशासनाने निदान एप्रिल ते जून या काळात तालुक्याच्या मेडिकलमधल्या फ्रीजचे किमान-कमाल तापमान नोंदवून पाहावे. भारनियमनाच्या दुपारी तपासणी झाली तर उत्तमच. शिरपूर, जळगाव, धुळे येथील औषधनिर्माण महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना तापमान नोंदविणारी छोटी यंत्रे देऊन दुकान ते पाडा हा प्रवास मोजायला लावणे हा प्रकल्प म्हणूनही चांगला आहे.

सर्पदंशाच्या लशीबद्दल शेवटचे लिहितो, कारण पावसाळा तोंडावर आला की ती धडगाव-मोलगीकडे लागतेच. घोड्याच्या प्रतिपिंडांपासून बनलेली ही लसही प्रथिनच आहे. द्रवरूपातली लस २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. गोठवून सुकविलेली भुकटी खोलीच्या तापमानाला टिकते. वीज बेभरवशाची असलेल्या केंद्रांना भुकटीच पुरविली जावी. ती १० मिलिलिटर निर्जंतुक पाण्यात विरघळविताना कुपी हलक्या हाताने गोल फिरवायची असते, जोरात हलविली तर फेस होऊन प्रथिन बिघडते, त्यामुळे काही मिनिटे जातात आणि एका रुग्णाला अनेक कुप्या लागतात. दारात जमलेली मंडळी त्या वेळी ‘लवकर करा’ म्हणून परिचारिकेच्या अंगावर धावून जातात. ती कुपी सावकाश का फिरवत आहे हे गावच्या सरपंचाला आणि पोलीस पाटलाला आधीच सांगून ठेवण्याचे काम तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी जूनपूर्वी करावे, अशी विनंती आहे.

कळावे.

आपला,
औषधनिर्माणशास्त्राचा एक शिक्षक,
शहादा, जि. नंदुरबार